ताम्रपट आणि कुदळ

नागपूरचा इतिहास केव्हांपासून धरावयाचा, हा प्रश्न मीं वर्गांत अनेकदां विचारला असेल. मुलगा हुशार असला तर देवगडच्या बख्त बुलंद राजाचें नांव घेई आणि १७०२ हें साल सांगे. बाकीचीं मुलें रघूजी भोसल्यांवर थांबत. मुलांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. मी राहतों त्या भागाचें नांवच मुळीं जरीपटका. मराठ्यांच्या निशाणाचा हा शब्द कानीं पडला कीं मन अठराव्या शतकांत जातें आणि तेथेंच घुटमळतें. १९४७ च्या फाळणीनंतर या वस्तींत सिंधी बांधव मोठ्या संख्येनें येऊन स्थायिक झाले. ज्या प्रांतांतून ते आले, तेथील मोहेंजोदडोचें उत्खनन राखालदास बानर्जी यांनीं १९२२ सालीं हातीं घेतलें, आणि दोन वर्षांनीं सर जॉन मार्शल यांनीं त्याची वार्ता जगाला दिली. आपल्या मागें चार-साडेचार हजार वर्षांचें नगर उभें आहे, हें माझे सिंधी शेजारी जाणून आहेत. आम्ही नागपूरकर मात्र तीनशें वर्षांच्या पुंजीवर समाधान मानून बसलों आहों. आणि तेंही अशा भूमीवर, कीं जिच्या पोटांत अडीच हजार वर्षांचा ठेवा आहे. हा ठेवा वाचण्याच्या दोन रीती आहेत. एक ताम्रपटाची, दुसरी कुदळीची. या दोन रीतींनीं एकाच भूमीचीं दोन निराळीं चित्रें कशीं दिसतात, तेवढें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम कुदळीकडे वळूं. जरीपटक्याहून उत्तरेस निघालें म्हणजे रस्ता कामठीला जातो. कामठीच्या छावणीजवळ वारेगांव म्हणून गांव आहे. तेथें मोठमोठ्या दगडांचें एक वर्तुळ होतें. मेजर पिअर्स नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें तें उकरलें आणि त्याची हकीकत १८६९ मध्यें लंडनच्या एका विद्वन्मंडळाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास रिव्हेट-कार्नाक हे गृहस्थ मध्यप्रांतांतील कापसाच्या व्यापारावर देखरेख करीत होते. त्यांचेंही लक्ष शेतांतील या दगडांकडे गेलें. काटोल रस्त्याच्या बाजूस जुनापाणी येथें त्यांनीं कांहीं वर्तुळें खणलीं, व १८७९ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांवर लेख लिहिला. ब्रिटनमधील पाषाणवर्तुळांशीं त्यांनीं यांची तुलना केली. दगडांवर कोरलेल्या लहान लहान वाटीसारख्या खळग्यांच्या रांगा त्यांना विशेष विचार करण्याजोग्या वाटल्या. सांपडलेल्या वस्तूंपैकीं कांहीं इंग्लंडांत गेल्या. कापसाचा हिशेब ठेवणाऱ्या परक्या माणसाला हे दगड दिसावेत, आणि त्यांच्या शेजारीं पिढ्यान् पिढ्या नांगर धरणाऱ्यांच्या शिकलेल्या मुलांना ते दिसूं नयेत, याचें मला नेहमीं नवल वाटत आलें आहे.

हीं वर्तुळें म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. काळ्या पाषाणाचे मोठे धोंडे आणून ते एकमेकांस लागून गोलाकार मांडलेले असतात. आंतल्या जागेंत माती व गोटे यांची भर घातलेली असल्यामुळें मधला भाग आसपासच्या जमिनीहून किंचित् उंच दिसतो. ही भर काळजीपूर्वक काढीत खालीं गेलें कीं मनुष्याचीं हाडें, मातीचीं भांडीं आणि लोखंडाच्या वस्तु लागतात. भांडीं एका ठराविक तऱ्हेचीं असतात: आंतील अंग व कांठ काळा, आणि बाहेरचा खालचा भाग तांबडा. थोडक्यांत, हीं थडगीं आहेत. आणि एखाददुसरें नव्हे, एकट्या जुनापाणीच्या माळावर अशीं सुमारें तीनशें वर्तुळें नोंदलेलीं आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांत, म्हणजे आपल्या सोयीसाठीं बुद्धाच्या कांहीं शतकें आधींपासून तों मौर्यांच्या उदयापर्यंत, विदर्भांत राहणाऱ्या लोकांनीं तीं रचलीं.

इंग्रज साहेबांनीं वर्तुळें उकरलीं खरीं, पण त्यांचें काम हौसेचें होतें. पद्धतशीर शोध स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. १९६१-६२ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्याचे बा. कृ. थापर यांनीं जुनापाणी येथें तीन वर्तुळें खणलीं. पुढें नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनीं हा विषय आपलासा केला. १९६८-६९ त टाकळघाट-खापा, १९७० ते ७२ या काळांत माहुरझरी, आणि नंतर डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्यासमवेत नायकुंड अशीं त्यांनीं केलेलीं उत्खननें विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा पाया होत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यांतील माहुरझरी आणि नायकुंड या दोन ठिकाणांपाशीं थोडें थांबलें पाहिजे. माहुरझरी हें नागपूरच्या वायव्येस काटोल रस्त्याकडचें खेडें. तेथील वर्तुळांत माणसांच्या जोडीला घोडे पुरलेले आढळले. घोड्याच्या तोंडावर बसविण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार व तोंडांत अडकविण्याच्या लोखंडी कड्या त्यांच्याबरोबर होत्या. धनी मेला म्हणून त्याच्या घोड्याचा बळी दिला असावा, असें अनुमान देवांनीं केलें. तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर, आडव्या लोखंडी पट्ट्यांनीं दांड्याला आवळून बसविलेल्या चपट्या कुऱ्हाडी, सोन्याचे थोडे दागिने आणि अकीक-कार्नेलियनसारख्या दगडांचे सुबक मणी यांचाही त्यांत समावेश होता. सर्वच थडग्यांत हें वैभव नाहीं. कांहींत चार मडकीं आणि एखादी कुऱ्हाड एवढेंच. म्हणजे ज्याला घोडा होता आणि ज्याला नव्हता, असे दोन प्रकारचे लोक तेव्हांही होते, व मरणानंतरही तो भेद मिटला नाहीं. या लोकांनीं एक अक्षर लिहून ठेवलें नाहीं. परंतु समाजांतील उच्चनीचता त्यांनीं जमिनींत इतकी स्पष्ट नोंदली आहे कीं ती वाचण्यास लिपीची गरज लागूं नये.

नायकुंड पेंच नदीच्या परिसरांत आहे. तेथें जें सांपडलें, तें माझ्या मतें माहुरझरीच्या सोन्याहून मोलाचें आहे. तेथें लोखंड गाळण्याची भट्टी सांपडली. वांकविलेल्या मातीच्या विटांनीं बांधलेली ती गोल भट्टी, भात्याचा वारा आंत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि लोखंड निघाल्यावर उरलेला मळ, म्हणजे ज्याला आपले लोहार कीट म्हणतात तें. काळ ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमाराचा. विदर्भ म्हटलें कीं आपणांस रुक्मिणी आठवते, दमयंती आठवते, कौंडिण्यपूर आठवतें. आठवूं नयेत असें कोणी म्हणणार नाहीं. पण पेंचेच्या कांठीं भात्यावर पाय देऊन किंवा हातानें तो दाबून घाम गाळणारा जो मनुष्य होता, त्याची आठवण कोणत्याही पुराणानें ठेविली नाहीं. ती त्याच्या भट्टीनेंच ठेविली.

नायकुंड, टाकळघाट व भागीमोहारी येथें या लोकांच्या वस्तीचेही अवशेष मिळाले आहेत. खांब रोवण्याच्या खळग्यांवरून झोंपड्यांचे आकार कळतात. थडगीं पुष्कळ आणि घरें थोडीं, यामुळें हे लोक गुरें घेऊन ऋतूप्रमाणें हिंडणारे असावेत असें कांहीं पंडित म्हणतात. दुसरे म्हणतात कीं लोखंड गाळणारा व शेती करणारा समाज इतका भटका असूं शकत नाहीं. मला दुसरें मत अधिक पटतें. भट्टी खांद्यावर टाकून कोणी हिंडत नाहीं.

यानंतरचीं कांहीं शतकें मी झपाट्यानें ओलांडतों, कारण तीं स्वतंत्र भाषणाचा विषय आहेत. गांवांच्या जागीं नगरें आलीं. नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्यांत अडम नांवाचें गांव आहे. तेथें पुरातत्त्व खात्यानें १९८८ पासून केलेल्या उत्खननांत तटबंदीचें नगर निघालें आणि अस्सक जनपदाचें नांव असलेली मातीची मुद्रा मिळाली. भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगेकांठच्या पवनीला १९६९-७० मध्यें जगन्नाथ टेकडी म्हणून लोक ज्या उंचवट्याला ओळखत, त्याच्या पोटांत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांचीं नांवें ब्राह्मी लिपींत कोरलेलीं आहेत. विदर्भांतील सामान्य माणसानें आपलें नांव आपण होऊन लिहविलें, असे हे आरंभीचे दाखले होत.

आतां ताम्रपटाकडे येऊं. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पांचव्याच्या अखेरीपर्यंत विदर्भावर वाकाटकांचें राज्य होतें. अजिंठ्याचीं उत्तम लेणीं त्यांच्याच काळांतलीं. असें असूनही शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं या घराण्याचा काल सुद्धां पंडितांना नीट ठाऊक नव्हता. दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटांत त्याची आई प्रभावतीगुप्ता ही देवगुप्त नामक महाराजाधिराजाची कन्या म्हटली आहे. हा देवगुप्त कोण? डॉ. फ्लीट यांनीं १८८८ सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत तो मगधाचा सातव्या शतकाच्या अखेरचा राजा ठरविला, आणि त्यासरशीं सारें वाकाटक घराणें तीनशें वर्षें पुढें ढकललें गेलें.

हा घोळ मिटला तो पुण्यास. अहमदनगरकडून आलेल्या एका तांबट कुटुंबाजवळ दोन जुने पत्रे होते. प्रा. का. बा. पाठक यांनीं १९१२ मध्यें ते विद्वानांच्या नजरेस आणले, आणि पुढें का. ना. दीक्षित यांच्यासह त्यांचें संपादन केलें. त्यांत प्रभावतीगुप्ता आपल्या तोंडानें सांगते कीं, मी चंद्रगुप्ताची मुलगी. आणि त्याच्यामागें समुद्रगुप्त आदिकरून सर्व पूर्वज ती मोजून दाखविते. म्हणजे देवगुप्त हें चंद्रगुप्त दुसरा याचेंच दुसरें नांव होतें, व वाकाटक चवथ्या-पांचव्या शतकांतले ठरले. तांब्याचे दोन पत्रे एका तांबटाच्या घरीं असावेत आणि त्यानें ते वितळवूं नयेत, याला योगायोगच म्हणावयाचें. दुसऱ्या कोणाच्या मुशींत असे किती पत्रे गेले असतील त्याचा हिशेब कोण देणार?

या राणीविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पति दुसरा रुद्रसेन अकालीं वारला, मुलें लहान. तिनें राज्यकारभार आपल्या हातीं घेतला. पुण्याचा ताम्रपट हा तिच्या या कारभाराच्या तेराव्या वर्षांतला, कार्तिक शुद्ध द्वादशीचा, नंदिवर्धन या राजधानींतून दिलेला आहे. त्यांत ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची माता म्हणते. परंतु सासरच्या वंशावळीऐवजीं माहेरची देते, आणि गोत्रही माहेरचें धारण हेंच सांगते, वाकाटकांचें विष्णुवृद्ध नव्हे. पुढें दुसऱ्या प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या वर्षीं तिनें दिलेला आणखी एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धपूर येथें मिळाला. तो रामगिरिस्वामीच्या पायांपासून, म्हणजे रामटेकाहून दिलेला आहे. डॉ. वा. वि. मिराशी यांनीं नागपुरांत बसून या सर्व लेखांचा जन्मभर अभ्यास केला व १९६३ सालीं वाकाटकांच्या कोरीव लेखांचा महाग्रंथ सिद्ध केला. कालिदासाचा रामगिरि तो रामटेकच, हेंही त्यांनींच साधार मांडलें. रामटेकाला जाणारा प्रत्येक सुशिक्षित नागपूरकर मेघदूतांतील यक्षाची आठवण काढतो. तेरा वर्षांहून अधिक काळ याच मुलखाचा कारभार पाहणाऱ्या बाईची आठवण त्यांतल्या किती जणांना होते? त्याच टेकडीवरील केवल-नरसिंहाच्या देवळांत, चुन्याचा गिलावा काढल्यावर, एक फुटका शिलालेख १९८० नंतरच्या दशकांत उजेडांत आला. हें देऊळ प्रभावतीगुप्तेच्या स्मरणार्थ तिच्या मुलीनें बांधविलें, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनीं लाविला आहे.

येथें पुन्हां कुदळ कामास आली. ताम्रपटांतील नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस असलेलें नगरधन, असें विद्वान् फार दिवसांपासून म्हणत. परंतु तेथें आज जो किल्ला दिसतो तो कितीतरी अलीकडचा. २०१५ ते २०१८ या वर्षांत महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागानें व पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें मिळून तेथें उत्खनन केलें, आणि मातीची एक लहानशी लंबगोल मुद्रा हातीं आली. वजन अवघें ६.४० ग्रॅम, लांबी ३५.७१ मिलिमीटर. तिच्यावर शंख उमटलेला आहे, आणि त्याबरोबर ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचें नांव आहे. पत्राच्या किंवा गांठोड्याच्या दोरीवर ओली माती लावून तिच्यावर शिक्का दाबीत. तो हा ठसा. ताम्रपट हातोहात पुण्यापर्यंत गेला होता. मातीचा हा गोळा मात्र कोणाला मोलाचा वाटण्यासारखा नव्हता, म्हणून जेथल्या तेथें राहिला, आणि राजधानीच्या जागेविषयीं जें काम पत्र्याला साधलें नाहीं तें त्यानें केलें. नगरधनच्या जवळच मनसर येथें १९९७ नंतर जगत्पति जोशी व अ. कृ. शर्मा यांनीं हिडिंबा टेकडीखालून विटांचें भव्य मंदिर बाहेर काढलें. प्रवरसेनाची पुढची राजधानी प्रवरपूर ती हीच, असें कांहीं अभ्यासक म्हणतात. मिराशींनीं ती वर्ध्याजवळ पवनार येथें शोधली होती. त्या वादांत मी पडत नाहीं.

राजे आणि राण्या यांच्यापुरतें ताम्रपट चांगलें सांगतात. त्यांच्या राज्यांत राबणाऱ्यांचें काय? अचलपुराजवळ चम्मक येथें १८६८ च्या सुमारास दुसऱ्या प्रवरसेनाचा एक ताम्रपट मिळाला. त्यांत भोजकट प्रांतांतील चर्मांक हें गांव, राजमानानें आठ हजार भूमि, एक हजार ब्राह्मणांस दान दिलें आहे. (नांवें मात्र एकोणपन्नासच कोरलेलीं आहेत, उरलेल्यांसाठीं पत्रा पुरला नसावा.) या दानाला एक अट आहे, तीही वाचण्यासारखी आहे. दान घेणाऱ्यांनीं राज्याविरुद्ध द्रोह करूं नये, चोरी, व्यभिचार, ब्रह्महत्या करूं नये, राजाला विष देऊं नये, लढाई करूं नये, दुसऱ्या गांवांस उपद्रव देऊं नये. केल्यास जमीन परत घेण्यांत येईल. दानपत्रांत असें लिहावें लागतें, यावरून दान घेणारे सर्वच पोथींत डोकें घालून बसणारे नव्हते असें दिसतें.

त्यापुढें सवलतींची यादी येते. या गांवांत शिपायांनीं शिरूं नये. गांवानें राजपुरुषांस बैल पुरवूं नयेत, फुलें व दूध देऊं नये. चराई, कातडें आणि कोळसा द्यावा लागूं नये. मिठाच्या खणतीचा हक्क राजानें सांगूं नये. आणि सर्व प्रकारची विष्टि माफ असावी. विष्टि म्हणजे मोलावांचून करून घेतलेलें काम. आपल्या मराठींतील वेठ हा शब्द या विष्टीचाच वंशज आहे. वेठीस धरणें, असें आपण आजही बोलतों, आणि तें दीड हजार वर्षांपूर्वींच्या राजकीय दप्तरांतलें आहे हें आपल्या ध्यानींही नसतें.

ही यादी उलटी वाचली पाहिजे. एका गांवाला हें सारें माफ झालें, याचा अर्थ शेजारच्या गांवांना तें माफ नव्हतें. तेथें शिपाई शिरत, बैल नेत, दूध नेत, कोळसा मागत, आणि माणसांना वेठीला लावीत. माफी मिळालेल्या गांवांतही कुणब्याचा भार उतरला, असें मी समजत नाहीं. राजाकडे जाणारें तें दान घेणाऱ्याकडे गेलें, एवढाच फरक पडला असावा. आणि त्या यादींतला कोळसा पाहा. कोळसा कोणाला लागतो? लोहाराला. नायकुंडाच्या भट्टीवर राबणाऱ्याचा व्यवसाय हजार वर्षांनंतरही या मुलखांत चालू होता. मात्र आतां त्याच्या इंधनावर राजाच्या माणसांची नजर होती. पत्र्यावर त्याचें नांव नाहीं, फक्त त्याच्याकडून काय काढून घेत तें आहे. भट्टींत त्याचें नांव नसलें तरी त्याचें काम आहे. दोन्ही पुरावे एकमेकांशेजारीं ठेवल्याखेरीज तो मनुष्य डोळ्यांसमोर उभा राहत नाहीं.

म्हणून या पुराव्यांच्या नाशाची मला चिंता वाटते. ताम्रपट आज बहुतेक संग्रहालयांत सुरक्षित आहेत, छापले गेले आहेत. त्यांचा मजकूर आतां कोणी पुसूं शकत नाहीं. दगडी वर्तुळांची गोष्ट तशी नाहीं. जुनापाणी, टाकळघाट, उबाळी अशा ठिकाणचीं वर्तुळें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादींत आहेत. यादीबाहेरचीं पुष्कळशीं शेतांत आणि माळावर पडलेलीं आहेत. नांगराला अडथळा होतो म्हणून शेतकरी धोंडे बांधावर लोटतो. त्याचें पोट त्या शेतावर आहे, त्याला बोल लावणें अन्यायाचें होईल. खडी फोडणारा तेच धोंडे गाडींत भरतो. आणि शहर वाढतें तसतसे या माळांचे प्लॉट पडतात. विकत घेणारे आपणांसारखे शिकलेले लोकच असतात. वर्तुळाचा दगड एकदां जागेवरून हलला म्हणजे तो नुसता दगड राहतो. कोणतें मडकें कोणाच्या उशाशीं होतें, घोडा कोणाजवळ पुरला होता, हें सांगणारी मांडणी त्याच्याबरोबर जाते, आणि ती पुन्हां मांडतां येत नाहीं.

आपणांपैकीं ज्यांचें शेत किंवा जमीन काटोल रस्ता, हिंगणा, कामठी किंवा रामटेकच्या बाजूस असेल, त्यांना ओळखण्याची खूण सांगून ठेवतों. मोठे ओबडधोबड धोंडे, गोलाकार रांग, मधली जागा भोंवतालच्या जमिनीहून थोडी उंच, आणि वाहून गेलेल्या मातींत काळ्या-तांबड्या खापऱ्यांचे तुकडे. असें कांहीं आढळल्यास दगड हलविण्यापूर्वीं त्याचें चित्र घ्यावें, वर्तुळाची रुंदी दोरीनें मोजावी, गांवाचें नांव व शेताचा क्रमांक लिहावा, आणि तो कागद पुरातत्त्व खात्याच्या नागपूर येथील कार्यालयांत नेऊन द्यावा. खापरी उचलून घरीं आणूं नये. ती जेथें पडली आहे तेथेंच तिला अर्थ आहे.